वावरावरचा लाल ठिपका
कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी जळल्याचा वास आला की मले बोंडअळीचं ते साल आठवते. सासूबाईंचा दमा उसळला की आम्ही लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांना शिव्या देत होतो. मग लेकीनं कॉलेजातून उपग्रहाचा नकाशा आणला. जिथं आग दिसली तिथं लाल ठिपके होते, अन् एक थेट आमच्याच वावरावर, पऱ्हाटीचा पहिला ढीग जाळला तिथंच! तरी दुसऱ्या ढिगापाशी आमचे मालक काडीपेटी घेऊन उभे. मी सरळ त्या पऱ्हाटीवर जाऊन बसले. "उठ वं, अळी मरू दे!" "अळीसंगं तुमच्या मायलेही मारता काय? बारीक तोडून, कुटी करून मातीत गाडू." ऊन उतरलं, मी नाही उतरले. शेवटी त्यांनी काडीपेटी खिशात टाकली अन् कोयता मागितला. आता गुडघे दुखतात, पण गावात कोणी पऱ्हाटी पेटवाले निघालं, की मी अजूनही जाऊन बसते.