वाळूचं दुसरं पोतं

"ते दुसरं पोतंही काढ."

"नाही काढणार."

"अगं, काढ म्हणतो ना! आकडे चुकतायत."

"आकडे बरोबर आहेत. माणूस चुकतोय."

गाडीच्या आत, एकुलत्या एका सीटवर, कव्हरवाली बसली होती. खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन आणि मांड्यांमधून एक असे पाच पट्टे आवळलेले. मांडीवर नऊ किलो वाळूचं पोतं, आणि ते तिने दोन्ही हातांनी असं धरलेलं, की हात लावून दाखवा. बाहेर तिचा नवरा पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. हातात स्प्रिंगची कडी फिरवायचा वाकडा पाना, समोर चारही चाकांखालच्या वजनकाट्यांचे आकडे दाखवणारी पेटी.

त्याला सगळे ग्रॅमशेठ म्हणतात. तिला कव्हरवाली, कारण गॅरेजच्या अर्ध्या भागात पत्र्याचा आडोसा करून ती गाड्यांची सीटकव्हरं शिवते. तो वजनात बोलतो, ती इंचात. दोघांचं जमतं, म्हणजे रोज भांडण होतं आणि रोज मिटतं.

गाडी तोलायची तर चालवणारा आत बसलेला हवा. पण चालवणाराच मिस्त्री असेल तर चाकावरचा भार कमीजास्त करणारी कडी कोण फिरवणार? म्हणून गेली बारा वर्षं नवऱ्याच्या जागी बायको बसते. ती सहासष्ट किलो, तो तेव्हा चौऱ्याऐंशी. मधले अठरा किलो भरून काढायला तिने जाड कॅनव्हासची दोन पोती शिवली, दुहेरी टाक्याची, एकेक नऊ किलोचं. दोन्ही मांडीवर घेतली की ती म्हणायची, "झाले मी ग्रॅमशेठ! आता कुणाचं ऐकणार नाही."

तीन महिन्यांपूर्वी एक पोतं कमी झालं. आज तो दुसरं काढ म्हणत होता.

"सकाळी काट्यावर उभा राहिलो. सहासष्ट! तुझ्या बरोबरीला आलो बघ. तू पंच्याहत्तर होऊन बसलीस तर माझ्यासाठी गाडी कशी सेट होणार? पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मिळून निम्मं वजन यायला हवं. नाही आलं तर डाव्या वळणाला शहाणी आणि उजव्या वळणाला वेडी होईल ही."

"होऊ दे वेडी. घरात एक आहेच."

"सात महिन्यांत अठरा किलो, फुकटात! गाडीतून अठरा किलो काढायला काय करावं लागतं, माहितीये?"

तिला नाही तर कुणाला माहीत असणार? दोन दारांची, तीस वर्षांची, दिवे पापण्यांसारखे वर उघडणारी ही गाडी कुणाच्या तरी शेडमधून दोरी बांधून आणली, तेव्हा वजन होतं एक हजार नव्वद. आधी मागची सीट गेली. ती आता शिलाईच्या टेबलाशेजारी आहे, गिऱ्हाइकं तिच्यावर बसून कापड निवडतात. मग गालिचा गेला, रेडिओ गेला, हीटर गेला, सामानाचा कप्पा गेला. फरशीच्या पत्र्याला आवाज दाबायला डांबरासारखा थर असतो, तो त्याने बर्फ ठेवून, कडक करून, हातोडीने खपल्या खपल्या काढला. आठवडाभर शेजारच्या प्रेसवाल्याने कानात बोळे घातले होते. मागच्या काचा गेल्या, प्लास्टिकच्या आल्या. बोल्ट नटाच्या बाहेर दोन आटे जास्त दिसला की हा करवत घेऊन हजर. निघालेली प्रत्येक वस्तू काट्यावर जायची आणि वजन खडूने भिंतीवर.

"ग्रॅमशेठ, हॉर्नसुद्धा काढला?" प्रेसवाल्याने एकदा विचारलं होतं.

"काढला."

"मग समोरच्याला ओरडणार कोण?"

"त्याला बायको आहे ना!"

पण आंधळेपणाने कापणाऱ्यांतला तो नव्हता. दारांच्या आत आडवे लोखंडी दांडे असतात, बाजूने धडक बसली तर चालवणाऱ्याला वाचवणारे. त्यांना त्याने कधी हात लावला नाही. दुसऱ्या कुणी लावला तर त्याला उंबऱ्यात उभं करून झापलेलं तिने ऐकलंय. एक हौशी गिऱ्हाईक एकदा हसत हसत आलं होतं. गाडी मागच्या वर्षीपेक्षा अकरा किलो हलकी भरली म्हणून खूश. ग्रॅमशेठने विचारलं, "काय काढलंस?" तो म्हणाला, "काहीच नाही, आपोआप!" ग्रॅमशेठचा चेहराच उतरला. तिथल्या तिथे गाडी वर उचलली, खालच्या चौकटीत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. आतून सगळं गंजाने खाल्लं होतं.

"बाबा रे," तो त्याला म्हणाला होता, "काही न काढता हलकी होते ती गाडी सुधारत नसते. सडत असते." आडोशापलीकडे मशीन थांबवून तिने ते ऐकलं होतं.

रेसच्या ट्रॅकवरचा एक फेरा दोन मिनिटांच्या आत, एवढीच त्याची हाव. बारा वर्षांत सगळ्यात जवळ गेला तो दोन मिनिटं आणि एका सेकंदाला. घरी आल्यावर दोन दिवस त्या एका सेकंदाशी बोलत होता. येत्या रविवारी ट्रॅक पुन्हा उघडणार होता, आणि आज गुरुवार.

"माझ्या टेपलाही विचारा की," कव्हरवाली सीटवरून म्हणाली. "अडतीसची कंबर होती. छत्तीस केली, चौतीस केली, आता तेहतीसलाही पँट घसरते."

"धुऊन धुऊन कापड सैल होतं."

"कापड धुतल्यावर आटतं, सैल होत नाही! मला शिकवू नका. तीस वर्षं शिवतेय."

तो पेटीकडे बघत राहिला.

"आणि हे?" तिने छातीवरचा पट्टा ओढून दाखवला. "मागच्या महिन्यात म्हणालात, पट्ट्यांची शेपटं लोंबतायत, काप, तेवढेच चाळीस ग्रॅम. मी मुकाट्याने कापली. टोकं दुमडून शिवली. ते तुकडे अजून टेबलाच्या खणात ठेवलेत मी. का, तर फेकवत नाहीत."

"काट्यावर टाकलेस का? किती भरले?"

तिने पट्टा सोडून पोतं पुन्हा दोन्ही हातांनी धरलं. आपण काय विचारलं ते त्यालाही बोलल्यावर कळलं असावं. पाना एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"डॉक्टरकडे नेलं होतंस ना तू? तपासण्या झाल्या. सगळं ठीक आहे म्हणाले. आता आणखी काय हवंय?"

"ठीक आहे म्हणाले?"

"हो म्हणाले."

"कधी?"

"अगं, झाले की दीड-दोन महिने."

पट्टे आवळलेले असतानाच तिने पोत्याखाली हात घालून एक चौपदरी कागद काढला. तेलाचे डाग पडलेला. सकाळी पेटी उचलून आणताना तिच्या खाली सापडला होता. कागदाच्या एका बाजूला चार चाकांचे आकडे, त्याच्या किरट्या अक्षरात, बेरजेसकट. तिने तो उलटा केला. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांनी लिहिलेलं होतं: रक्त, पोटाची सोनोग्राफी, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं, 'लगेच'.

"चिठ्ठी अजून इथेच आहे. मग तपासण्या कशावर केल्यात? स्प्रिंगच्या कडीवर?"

तो उठून उभा राहिला. उठताना बॉनेटला धरावं लागलं.

"करणार होतो."

"माझ्या तोंडावर सांगितलंत, करून आलो. मी शेजारणीला सांगितलं. लेकीला फोन करून सांगितलं, बाबांचं सगळं नॉर्मल आहे गं, उगाच काळजी करत होते मी."

"रविवार झाला की जातो. खरंच."

"रविवारचा काय संबंध?"

"संबंध आहे!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "ट्रॅकवाल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. माझा वर्षभराचा आहे, या महिन्याअखेर संपतोय. आत्ता गेलो आणि त्यांनी काही काढलं, तर पुन्हा कोण सही करणार? मला आजवर गाडी अशी कधी मिळाली नाही. ती हलकी, मी हलका. एक सेकंद राहिलाय गं. एक."

"आणि काही असलं तर?"

"असलं तर रविवारनंतरही असेलच की!"

"वाढलेलं असेल."

"दादा गेला होता ना तपासायला?" तो हळू बोलला. "चालत गेला. पायऱ्या चढून गेला. त्या कागदावर रोगाचं नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून पलंगावर. चार महिन्यांत संपला. त्याला आजाराने नाही, त्या कागदाने मारलं."

"भावजींनी वर्षभर अंगावर काढलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, त्यांच्या पलंगापाशी. आधी यायला हवं होतं, असं."

आडोशापलीकडे शिलाई मशीनचा दिवा सकाळपासून तसाच जळत होता. काट्यांच्या पेटीवर नऊशे एकवीस हा आकडा स्थिर होता: आठशे सेहेचाळीस गाडी, पंच्याहत्तर ती आणि तिचं पोतं.

"पोतं दे," तो म्हणाला. आता त्यात हुकूम नव्हता. "तेवढं दे. तिरकी बेरीज जुळवू दे."

"देते. आधी एक सांगा."

"काय?"

"उद्या एखादा गाडी घेऊन आला. सात महिन्यांत अठरा किलोने हलकी झालीये. विचारलंत, काय काढलंस? तर म्हणतो, काहीच नाही, आपोआप. खूश आहे अगदी. रविवारी ट्रॅकवर नेणार म्हणतो." तिचा आवाज स्वच्छ होता, बोटं मात्र पोत्याच्या टाक्यांत रुतली होती. "तुम्ही त्याला काय सांगाल?"

ग्रॅमशेठने पाना पुसला. भिंतीवर त्याच्या खुंटीला लावला. खडूच्या आकड्यांवरून त्याची नजर वरून खाली गेली: सीट, गालिचा, हीटर, काचा.

"सांगा ना. जा म्हणाल? की आधी वर उचलून बघाल?"

त्याने गाडीत हात घालून पोत्यावरची चिठ्ठी उचलली, दुसऱ्या हाताने पँट कमरेशी मुठीत धरली. गाडीचं नाक आणि भिंत यांच्यामधल्या ज्या फटीतून जाताना त्याला नेहमी पोट आत ओढावं लागायचं, तिच्यातून तो सरळ चालत बाहेर गेला.