विहिरीच्या काठावरची ओळ

“तुझ्या आईला लिहिता येतं का?” सरांनी भर वर्गात विचारलं.

“न्हाय, सर.”

“मग ही संहिता कशी?” माझा कागद दोन बोटांत धरून त्यांनी सगळ्यांना दाखवला. वर्ग हसला. माझ्या ‘न्हाय’ला जरा जास्तच हसला.

नव्वदचं दशक. कोल्हापुरात मराठी घेऊन एम.ए. करत होते. घरातला एखादा मजकूर आणा, त्याचा अर्थ लावू, असं सरांनीच सांगितलेलं. कुणी आजोबांची पत्रं आणली, कुणी जुन्या पोथ्या. आमच्या शाहूवाडीकडच्या घरात आईची गाणी होती. भाताची रोपं लावताना ती म्हणायची. त्यातलं एक मी लिहून नेलं.

कवाची हुबी मी हिरीच्या काठाला,
कुनी येईना गं, ऊन आलं माथ्याला.

गंमत म्हणजे ओळ सरांना आवडली. फळ्यावर लिहून म्हणाले, “ही विरहिणी. प्रियकराची वाट बघतेय.” सगळ्यांनी उतरवून घेतलं.

मी उठले. म्हटलं, “सर, ती पाण्यासाठी उभी होती. आमच्या लोकांना विहिरीला शिवू देत नव्हते. वरच्या आळीतलं कुणी येऊन घागरीत वरून ओतणार, तेव्हा पाणी. दुपारपर्यंत कुणी यायचं नाही.”

“जात कुठल्या शब्दात आहे? दाखव.”

मी फळ्यावरची ओळ शब्द न् शब्द वाचली. जात कुठंच नव्हती.

“अर्थ लिहिणाऱ्याचा नसतो. वाचकाचा असतो.”

“मग मी वाचक न्हाय व्हय, सर?”

आता कुणी हसलं नाही. “खाली बस,” सर म्हणाले. मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी. संताप येत होता, रडूही येत होतं.

सुट्टीत आईला सांगितलं. चिखलात वाकूनच ती म्हणाली, “घसा वाळल्यावर कुठला आलाय सखा? सांगितलं न्हाईस व्हय त्यास्नी?”

“सांगितलं की.”

ती रोपं लावत राहिली.

तोंडी परीक्षेत सरांनी तीच ओळ विचारली. विरह म्हटलं असतं तर सुटले असते. मी तहान म्हटलं. नापास. पुढच्या वर्षीही तेच सर, तीच ओळ, तेच उत्तर. एम.ए. तिथंच राहिलं.

नंतर सरांचं पुस्तक आलं. त्यात आईचं गाणं आहे, आईचं नाव नाही. वर लिहिलंय, ‘अनाम विरहगीत’. आई आता नाही. पोरं ते पुस्तक वाचतात, विरह लिहितात, पास होतात. हे बदलेल असं मला वाटत नाही.

पण माझ्यासमोर कुणी ती ओळ वाचली, तर मी उठणार. तहान म्हणणार. आणि खाली बस म्हटलं तरी बसणार नाही.