मळणी यंत्राजवळचे अकरा साक्षीदार

एखादा माणूस ‘मी माझ्या कानांनी ऐकले’ असे शपथेवर सांगतो, तेव्हा त्याने ते खरोखर ऐकलेले असते काय? या प्रश्नाचे उत्तर मला एका विमान अपघाताच्या तपास अधिकाऱ्याकडून मिळाले. साक्षीदार बोलू लागला, की ते हाताने थांबवत आणि म्हणत, “आधी उभे कुठे होतात, ते दाखवा.”

कामशेतहून पवनेकडे जाताना आमचे गाव लागते. भातकापणीच्या दिवसांत, जवळच्या खासगी धावपट्टीवरून उडालेले एक छोटे विमान मिनिटभरात आमच्या शिवारात कोसळले. ते चालवणारी शिकाऊ मुलगी वाचली. पण बोलण्याच्या स्थितीत नव्हती. गावाने निकाल देऊन टाकला: इंजिन शेवटपर्यंत चालू होते, पोरीनेच मस्ती केली. हेच कागदावर आले असते, तर तिचे उडणे कायमचे संपले असते. मी निवृत्त शिक्षक. जबाब उतरवून घ्यायला तपासाच्या साहेबांनी मला सोबत घेतले.

साहेब टेप लावून बांधापासून अंतरे मोजू लागले, तसे एक आबा धास्तावले.

“साहेब, विमान तितं पडलंय. हितला सातबारा आमच्या नावावर हाय बरं!”

“तो तुमच्याच नावावर राहू द्या, आबा. तुम्ही कुठे होतात?”

“हितंच, मशिनीपाशी. लय आवाज व्हता, पार पडंपत्तुर!”

विमान पडले तेव्हा आबांसह अकरा जण चालू मळणी यंत्राजवळ होते. साहेबांनी सर्वांना तिथेच उभे केले, यंत्र सुरू करायला लावले आणि मागे जाऊन माझी कवायतीची शिट्टी जोरात फुंकली. एकही मान वळली नाही.

यंत्र थांबल्यावर त्यांनी विचारले, “शिट्टी किती वेळा वाजली?”

“कसली शिट्टी?” आबा म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आले. “आरं तिच्या! म्हंजी आमी आमचीच मशिन ऐकत व्हतो व्हय!”

वरच्या उतारावर गवत कापणाऱ्या, ठाकरवाडीतल्या मावशींना कोणी विचारलेच नव्हते.

“आवाज तुटला, मंग विमान वळलं,” त्या म्हणाल्या.

“तिला काय कळतंय विमानातलं?” कोणीतरी टोमणा मारला.

“कळायला मी आहे,” साहेब म्हणाले. “त्यांना ऐकू आलं, तेवढं पुरे.”

मावशींचा जबाब त्यांनी एकही शब्द न बदलता उतरवून घ्यायला लावला. पुढे इंधनात पाणी सापडले, इंजिन त्यानेच आधी बंद पडल्याचे ठरले आणि मुलीवरचा ठपका गेला.

बरी झाल्यावर ती मावशींना भेटायला आली. आबांनी तिला मळणी यंत्रापाशी गाठले. यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, “पोरी, चुकी हिची हाय. पण माफी मी मागतो.”

हे पाहायला साहेब नव्हते. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत ते गेल्याचे आम्हाला उशिरा कळले.

वाचकांनी केवळ माझ्या सांगण्यावर विसंबू नये. मळणी चालू असताना यंत्राशेजारी उभे राहावे, मागून कोणाला तरी आपल्या नावाने हाक मारायला सांगावे आणि ती ऐकू येते का, हे स्वतः पडताळून पाहावे.