पाटावरची वाटी

पेणला रामवाडीच्या कारखान्यात गणपती ठरवायला गेलो, तेव्हा बगलेत नव्या रेकॉर्ड प्लेअरचं खोकं होतं. मूर्तीचे डोळे रंगवणारा एक म्हातारा फिरत्या पाटाशी बसला होता. मूर्ती चढवण्याआधी तो रिकाम्या पाटावर पाण्याची वाटी ठेवी, पाण्याकडे टक लावून बघे आणि पाटाखाली पाचर सरकवी.

“खोक्यात काय हाय?”

मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. वडिलांनी ढोलकी वाजवलेली एकुलती एक रेकॉर्ड घरात आहे. दहापट महाग मशीन असलेला मित्र म्हणतो, माझ्या असल्या स्वस्त मशीनची सुई ती खरवडून काढेल. वडील गेल्यापासून ती ऐकलेलीच नाही, आणि आता मशीन घेऊनही लावायची धास्ती वाटते.

“माझा पाट बी स्वस्तातलाच हाय,” तो नजर न उचलता म्हणाला. “पण वाकडा नाय. घरी आधी वाटी ठेवून बघा. पाणी सरळ असलं तर लावा सुई.”

घरी टेबलावर मशीन मांडून त्यावर वाटी ठेवली. पाणी एका कडेला कललं, तसा टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. मग सुई टेकवली आणि वडिलांची थाप खोलीभर घुमली.

मित्राच्या मशीनवर ती आणखी चांगली वाजली असती का, कुणास ठाऊक. आता भीती वेगळीच आहे. रोज ऐकल्याशिवाय राहवत नाही, आणि दर वेळी थोडी झिजणारी ती रेकॉर्ड एकच आहे.