रेघेच्या आत

गेल्या मंगळवारी निघोजे गावातल्या एका कामगाराचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्या पायावर आधी निळ्या पेनाने रेघ मारणारे डॉक्टर सांगवीत माझे शेजारी आहेत.

चेहरा ही पायांना जोडलेली पुरवणी असते, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ते पायांचे डॉक्टर. भोसरीत कामगारांची कुरुपं, भेगा, मधुमेहाच्या जखमा बघतात. लग्नाला गेले की मंडपाबाहेरच्या चपला न्याहाळत बसतात. एकदा नवरदेवाच्या मामांना ओळख व्हायच्या आधीच म्हणाले, "डावी टाच घासतेय. साखर तपासा." मामा अजून आमच्या सोसायटीत पाऊल ठेवत नाहीत.

पातं चालवण्यात मात्र ते कंजूष. "मेलेली कातडी माझी. जिवंत मांस आणि हाड सर्जनचं." मग रुग्ण गयावया करो की शिव्या देवो, डॉक्टर पातं ट्रेमध्ये ठेवून हात धुतात. भोसरीत त्यांना 'अर्धे डॉक्टर' म्हणतात. "पाऊण तरी म्हणा की राव," एवढीच त्यांची तक्रार.

हा कामगार चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग मापून पास करायचा. अंगठ्याखाली जखम होती. खोली बघायला आत घातलेल्या बारीक सळईला हाड लागलं, तसे डॉक्टर थांबले.

"तुमीच काढा की, डॉक्टर. सर्जन आडमिट करून घेत्यात. कंत्राटावर हाय मी. खाडा झाला की दुसरा उभा करत्यात."

"ते कापायचा मला अधिकार नाही. आजच जा."

त्यांनी सर्जनला फोन केला. जखमेभोवतीची लाली किती पसरते ते सर्जनला कळावं, म्हणून तिच्याभोवती रेघ मारली. हे कारण कामगाराला सांगितलं की नाही, ते त्यांना आठवत नाही.

तो गेला नाही. शिफ्ट सुटली की मोजा काढून बघायचा. गेजचा काटा दोन रेघांच्या आत असला की माल पास, ही त्याची रोजची सवय. लाली रेघेच्या आत होती. रेघ पुसट झाली की तो गिरवायचा. गिरवताना रेघच बाहेर सरकत गेली, हे त्याच्या बायकोच्या ध्यानात उशिरा आलं.

हॉस्पिटलच्या जिन्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "तुमचा नियम बरोबर असंल. आमचा पाय गेला."

"हो," डॉक्टर म्हणाले. मी सोबत होतो.

शनिवारी ते पुन्हा गेले. त्याचा उजवा पाय त्यांनी मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्या पुसल्या, नखं काढली. टाचेला भेग होती. ती कातडीपुरतीच होती.