जनावरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी असा विषय निवडला होता, की घरी सांगताना माझीच बोबडी वळायची. अतिवाहक चुंबकाची वेटोळी भयंकर थंडीत काम करतात आणि तो चुंबक आपल्याच तारांना रेटतो. त्या तारांना जागेवर धरून ठेवते काचेच्या धाग्यांची पट्टी आणि रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट राळेसारखा पदार्थ. हे मिश्रण थंडीत किती दाब सोसतं, ते मोजायचं. दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शकांनी या मिश्रणाचे सहा ठोकळे पाठवले होते. सोबत चिठ्ठी: भरवशाचे आकडे आले नाहीत, तर हे रेझिन बाद. आणि माझा प्रोजेक्टही, हे मी आपलं समजून घेतलं.

गोंदियाच्या कॉलेजात दाबयंत्र होतं, द्रवरूप नायट्रोजन नव्हता. तो होता आमच्या, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात, गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायला. डॉक्टरांनी एक जादा कंटेनर भरून दिला, पण अट घातली: सोबत दवाखान्यातले मलमपट्टीवाले काका जातील. मोटरसायकलवर मी पुढे, काका मागे, मध्ये कंटेनर. काकांचं वाटभर एकच, "बाबू, ठोकळे गाभन करून राहिला का बे?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मित्र जमले होते. त्यांच्यापुढे रुबाब म्हणून मी तीन ठोकळे एकदम नायट्रोजनमध्ये सोडले. आतून टक, टक, टक. बाहेर काढले तर तिन्हींना उभ्या चिरा. यंत्राने अजून हातही लावला नव्हता.

"असं डायरेक्ट बुडवते का कोणी?" काका कडाडले. "आमच्या ट्रेनिंगात कांडी आधी वाफेवर धरत, मंग बुडवत. तू त भजे सोडल्यावानी सोडून राहिला!"

"काका, हे ठोकळे आहेत."

"मंग फुटले कायले?"

उरलेले तीन काकांनीच दोऱ्याला बांधले आणि अर्धा तास नायट्रोजनच्या थंड वाफेत लोंबकळत ठेवले. मला दोरा धरू दिला नाही. मग हळूहळू खाली. टक नाही. एकेक ठोकळा थर्मोकोलच्या डब्यात, नायट्रोजनसकट, यंत्रात ठेवला. तिन्ही किती दाबाला मोडले, ते आकडे जवळपासचे आले. अपेक्षेपेक्षा थोडे कमी, पण एकमेकांशी जुळणारे.

फुटलेले तीन लपवावेत असं मनात आलं, पण तेवढं धाडसही नव्हतं. अहवालात सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी मार्गदर्शकांचा फोन आला, तो मी उभ्यानेच घेतला.

"रेझिन राहील," ते म्हणाले. "पण वेटोळं सावकाश थंड करावं लागेल, हे तुमच्या फुटक्या ठोकळ्यांनी सांगितलं. ही वाफेची पद्धत कोणाची?"

"सर, जनावरांच्या दवाखान्यातल्या मलमपट्टीवाल्या काकांची."

ते म्हणाले, "आणखी बारा ठोकळे पाठवतो. पण बुडवायचे त्यांनीच. तुम्ही नाही."