लिंबू पिळलेली गारी

असाबीची कढई निम्मी भाजून झाली होती. भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने ती कसाव्याच्या कंदाचा कीस वरखाली करत होती. धुराने डोळे चुरचुरत होते, हात मात्र थांबत नव्हता.

तिची गारी, म्हणजे हा भाजलेला कसाव्याचा रवा, इजेबूच्या बाजूला दात शिवशिवतील इतकी आंबट म्हणून नावाजलेली. कडू कसावा किसायचा, पोत्यात भरायचा, वर दगड रचायचे. चार दिवस पाणी निथळतं, कीस आंबतो, विष उतरतं. मग चाळून भाजायचा. आईने घालून दिलेली ही रीत तिने एकदाच मोडली होती, गेल्या आठवड्यात.

"इबिडुनची आई, आहेस का गं?" शेजारची मोरोंके दारातूनच ओरडली. "तुझं नाव गावभर झालंय! चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीला वेदीपाशी ठेवलेली तुझी गारी पाळकांनी लिलावात काढलीच नाही. अयोका आजीला देऊन टाकली."

असाबीचा हात थबकला. "अयोका आजीला?"

"तिला दात कुठे आहेत चावायला! काल थंड पाण्यात भिजवून, वर साखर घालून वाडगाभर प्याली. म्हणाली, अगदी असाबीच्या आईच्या हातचा आंबटपणा."

"बरी आहे ना?"

"संध्याकाळी गरगरलं, दोनदा ओकली. सून म्हणते, उन्हात बसून राहिली म्हणून. आता उठलीय आणि पुन्हा तुझीच गारी मागतेय. म्हातारीची जीभ बघ!"

मोरोंके खळखळून हसली. असाबीला गेला आठवडा आठवला.

किसणीची गिरणी तीन दिवस बंद पडली होती. सुरू झाली तेव्हा सणाला एकच दिवस उरला. अकरा वर्षं वेदीपाशी पहिली टोपली तिचीच असे. यंदा दुसरीची कशी असू द्यायची? एका दिवसात पोतं सोडलं, आंबटपणा यावा म्हणून किसात सहा लिंबं पिळली आणि तो भाजला. वर गुडघे टेकून म्हणाली होती, प्रभू, माझ्या हातचं गोड मानून घे.

"मोरोंके, तो आंबटपणा लिंबाचा होता."

"काय बोलतेस?"

"कीस आंबलाच नव्हता. एकच दिवस ठेवला होता."

मोरोंकेचं हसू मावळलं. "देवाच्या पुढ्यात ठेवलीस ती? बाई गं!"

"नाक वर करून ठेवली. लोक बघत होते ना."

कढईतून करपल्याचा वास यायला लागला. असाबीने खुंटीवरचा डोक्याचा रुमाल घेतला, पण तो बांधायचं भान तिला राहिलं नाही. मागच्या महिन्यातल्या, चार दिवस आंबवलेल्या गारीचा डबा तिने बगलेत मारला.

"विस्तव ओढ गं बाहेर," ती उंबऱ्यातून म्हणाली.

"सुनेसमोर काय सांगशील?"

"लिंबाचं सांगेन. आणि आधी तो वाडगा हातातून काढून घेईन."

आणि ती अयोका आजीच्या घरी गारी परत आणायला निघाली.